अमेरिका करारातून बाहेर, चीन सर्वांत मोठा उत्सर्जक. मग कार्बनचा भार आमच्या बोल्टवर का?

आपण लिहिता की नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या घरचा नट-बोल्टचा कारखाना आहे, जर्मनीतल्या ग्राहकाने प्रत्येक टन मालामागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला याचा तक्ता भरून मागितला आहे, आणि तो भरताना आपल्या मनात संताप दाटून आला. अमेरिका पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडते, चीन एकटा जगाच्या जवळजवळ एक-तृतीयांश उत्सर्जनाला जबाबदार आहे, करार मोडणाऱ्याला कसलीही शिक्षा नाही. मग भारतातल्या लहान कारखानदाराने पदराला खार का लावून घ्यायचा, आणि ही मोठी राष्ट्रे हवामानाच्या बाबतीत कधी खरोखर एकत्र येणार आहेत का, असे आपण विचारले आहे. मी ऊर्जा लेखापरीक्षक म्हणून कामाला सुरुवात केली आणि गेली बरीच वर्षे निर्यातदार कारखान्यांचे उत्सर्जनाचे हिशोब तपासते. त्या कामापायी आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचे मसुदे ओळीओळीने वाचावे लागतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. एक न्यायाचा आहे: कोणी किती भार उचलावा. दुसरा व्यवहाराचा आहे: ज्यांच्यावर कोणीही सक्ती करू शकत नाही अशा बलाढ्य राष्ट्रांमध्ये सहकार्य मुळात घडते कशामुळे. न्यायाच्या बाबतीत आपली तक्रार रास्त आहे. व्यवहाराच्या बाबतीत मात्र आपण करारावरच्या सह्यांकडे पाहत आहात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे उत्तर तिथे सापडत नाही. ते त्या त्या देशातल्या उद्योगांच्या, वीजदरांच्या आणि मतदारांच्या गणितात सापडते.

न्यायाचा हिशोब आधी पाहू. आज दरवर्षी जीवाश्म इंधनांपासून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात चीनचा वाटा जवळजवळ एक-तृतीयांश, अमेरिकेचा सुमारे १३ टक्के, भारताचा ८ टक्क्यांच्या आसपास आणि युरोपीय संघाचा त्याहून थोडा कमी आहे. परंतु हा वायू शेकडो वर्षे वातावरणात टिकतो, त्यामुळे औद्योगिक क्रांतीपासूनचा साठा धरला की चित्र पालटते: अमेरिकेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश, चीनचा १५ टक्क्यांच्या घरात आणि भारताचा ३ ते ४ टक्के. दरडोई पाहिले तर अमेरिकी माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन, चिनी माणसामागे ८ टनांहून अधिक आणि भारतीय माणसामागे २ टनांच्या आसपास. प्रत्येक देश आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो आणि तिन्ही आकडे खरे असतात. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात 'समान परंतु विभेदित जबाबदारी' हे तत्त्व आले ते याच वादामुळे, आणि तो वाद आजही तिथेच आहे.

आता व्यवहाराकडे वळते. गावतळ्यातला गाळ काढला की पाणी सगळ्यांनाच मिळते, फावडे हाती न धरणाऱ्यालाही; त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याने आधी सुरुवात करावी असे वाटते. हवामानाची अडचण नेमकी हीच आहे, फरक इतकाच की इथे गावाला पंचायत नाही. खर्च आज आणि आपल्या देशात होतो. लाभ पुढच्या पिढ्यांना आणि साऱ्या जगाला मिळतो. अशा स्थितीत केवळ वचनावर चालणारा करार किती तग धरतो, हे श्रीमंत देशांवर उत्सर्जन घटवण्याचे बंधन घालणाऱ्या क्योटो कराराने दाखवून दिले.

क्योटो करार डिसेंबर १९९७ मध्ये झाला, पण त्याचे अमेरिकेतले भवितव्य त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ठरले होते. विकसनशील देशांवर त्याच काळात बंधने नसतील आणि अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर इजा होणार असेल, तर अशा कोणत्याही करारावर सही करू नये, असा ठराव अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी संमत केला. दोन्ही पक्ष त्यात होते. क्लिंटन प्रशासनाने सही केली, परंतु करार सिनेटपुढे कधी ठेवलाच नाही, आणि २००१ मध्ये बुश प्रशासनाने हात झटकले. अमेरिका नसल्यामुळे करार अमलात येण्यासाठी रशियाची मान्यता अपरिहार्य ठरली. ती २००४ मध्ये मिळाली, आणि तीही रशियाच्या जागतिक व्यापार संघटनेतल्या प्रवेशाला युरोपीय संघाने पाठिंबा दिल्यानंतर. हवामान कराराची किंमत व्यापाराच्या नाण्यात चुकवली गेली, आणि ज्यांना ही प्रक्रिया समजून घ्यायची आहे त्यांनी हा प्रसंग विसरू नये.

याच सिनेटने सप्टेंबर २०२२ मध्ये ६९ विरुद्ध २७ मतांनी एका हवामानविषयक कराराला मान्यता दिली, याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. हा करार म्हणजे मॉन्ट्रियल प्रोटोकॉलची, म्हणजे ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या कराराची, २०१६ ची किगाली दुरुस्ती. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांमधले हायड्रोफ्लुरोकार्बन वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा तो करार आहे, आणि या एका उपायाने शतकाअखेर सुमारे अर्धा अंश सेल्सिअसपर्यंतची तापमानवाढ टळू शकते असा अंदाज आहे. सिनेटचे मन एवढे कसे वळले? मान्यतेसाठी अमेरिकी शीतकरण उद्योग स्वतः आग्रही होता. पर्यायी वायूंचे तंत्रज्ञान त्याच्या हाती होते आणि कराराबाहेर राहिल्यास बाजारपेठ गमावण्याची भीती होती. मॉन्ट्रियल प्रोटोकॉलची बांधणीच वेगळी आहे: उत्पादक मोजके, पर्याय उपलब्ध, करारात नसलेल्या देशांशी त्या वस्तूंच्या व्यापारावर निर्बंध, आणि विकसनशील देशांच्या बदलाचा वाढीव खर्च भागवणारा स्वतंत्र निधी. हा निधी १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत ठरला, आणि तो मिळाल्याखेरीज सही करणार नाही ही भूमिका भारत आणि चीन या दोघांनी ठामपणे घेतली होती. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. सौदा पक्का असला की आपण शब्द पाळतो आणि समोरचाही पाळतो, हे मी मुद्दाम सांगते, कारण 'मोठी राष्ट्रे कधीच सहकार्य करत नाहीत' हे विधान खरे नाही.

कोळसा, तेल आणि पोलाद यांच्या बाबतीत मात्र इतकी सोपी बांधणी शक्य नाही. ते साऱ्या अर्थव्यवस्थेत मुरलेले आहेत. म्हणून पॅरिस कसे घडले ते थोडे जवळून पाहावे लागते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये बीजिंगला ओबामा आणि शी जिनपिंग यांनी संयुक्त घोषणा केली. अमेरिका २०२५ पर्यंत आपले उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २६ ते २८ टक्क्यांनी घटवेल आणि चीनचे उत्सर्जन २०३० च्या सुमारास शिखर गाठेल, अशी दोघांनी एकाच मंचावरून ग्वाही दिली. हे एकमेकांना दिलेले दान नव्हते. अमेरिकेत शेल वायू, म्हणजे खडकांच्या थरांतून काढलेला नैसर्गिक वायू, स्वस्त झाल्यामुळे कोळशावरची वीज आपोआप मागे पडत होती. चीनमध्ये जानेवारी २०१३ मधल्या भयंकर धुरक्यानंतर शहरी मध्यमवर्ग चिडला होता, आणि मार्च २०१४ मध्ये पंतप्रधान ली कछ्यांग यांना प्रदूषणाविरुद्ध युद्ध पुकारल्याचे जाहीर करावे लागले होते. त्यातच अमेरिका आणि युरोपने चिनी सौर पॅनेलवर व्यापारी कारवाई केल्यामुळे तिथल्या कारखान्यांना देशातल्या बाजाराची गरज होती. दोघांनाही जे करायचेच होते, ते त्यांनी एकत्र जाहीर केले, आणि 'समोरचा काही करत नाही' हे दोन्हीकडच्या विरोधकांचे हुकमी कारण काढून घेतले. माझ्या मते बड्या राष्ट्रांच्या सहकार्याचे खरे काम एवढेच असते, आणि ते लहान नाही.

पुढच्याच वर्षी पॅरिस करार झाला तो याच पायावर. त्यात अहवाल देणे, दर पाच वर्षांनी नवे उद्दिष्ट मांडणे या कार्यपद्धती बंधनकारक आहेत. उद्दिष्टाचा आकडा गाठणे बंधनकारक नाही. ही रचना जाणूनबुजून केलेली आहे. आकडे बंधनकारक केले असते, तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे दोन-तृतीयांश मते मिळण्याची शक्यताच नव्हती. म्हणून आपण म्हणता ती 'शिक्षा नाही' ही उणीव म्हणजे अमेरिकेला आत घेण्यासाठी मोजलेली किंमत होती. ती किंमत मोजूनही अमेरिका दोनदा बाहेर गेली: एकदा २०१७ च्या घोषणेनुसार नोव्हेंबर २०२० मध्ये, आणि पुन्हा जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार जानेवारी २०२६ मध्ये. चीनने ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्षा नॅन्सी पेलोसी यांच्या तैवान भेटीनंतर अमेरिकेशी हवामानविषयक बोलणी थांबवली आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू केली. हवामानाचा विषय इतर भांडणांपासून वेगळा ठेवता येईल, ही आशा मला तरी आता बाळगवत नाही.

इथवरचे सार सांगायचे तर, सक्ती नसलेल्या जगात करार तेव्हाच टिकतो जेव्हा देशांतर्गत हितसंबंध आधीच त्या दिशेला वळलेले असतात. मग ते वळवते कोण? गेल्या दहा वर्षांत त्याचे उत्तर बऱ्याच अंशी चीनच्या औद्योगिक धोरणाने दिले आहे. सौर पॅनेलच्या उत्पादनसाखळीच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. २०२४ या एकाच वर्षात चीनने सुमारे २७७ गिगावॅट सौर क्षमता उभारली. पाकिस्तानने त्याच वर्षी सुमारे १७ गिगावॅटची पॅनेल आयात केली. कोणत्याही परिषदेने त्याला तसे सांगितले नव्हते. तिथे विजेची बिले न परवडणारी झाली होती आणि चिनी पॅनेल स्वस्त होती, एवढेच कारण पुरले. दुसरीकडे चीन स्वतः कोळशाची नवी वीजकेंद्रे बांधतच आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शी जिनपिंग यांनी जाहीर केलेले उद्दिष्ट, म्हणजे २०३५ पर्यंत शिखरापासून ७ ते १० टक्के घट, अनेकांना फार तोकडे वाटले. मलाही ते तोकडे वाटते. परंतु चीनचा इतिहास असा आहे की तो जाहीर करताना हात आखडतो आणि बांधताना मोकळा सोडतो. अमेरिकेचे याच्या उलट घडते: २०२२ च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेला शेकडो अब्ज डॉलरच्या करसवलती दिल्या आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्यातल्या बहुतेक आवरत्या घेतल्या.

म्हणजे स्पर्धेने जे साधले ते सहकार्याने साधले नाही, असा निष्कर्ष काढावा का? अर्धाच काढावा. स्पर्धा पॅनेल स्वस्त करते, भांडवल स्वस्त करत नाही. सौर किंवा पवन प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच असतो, त्यामुळे व्याजदर हाच विजेचा दर ठरवतो. शंभर रुपयांचा प्रकल्प वीस वर्षांच्या कर्जावर ४ टक्क्यांनी उभारला, तर दरवर्षी सुमारे ७ रुपये ३६ पैसे फेडावे लागतात. १० टक्क्यांनी उभारला, तर ११ रुपये ७५ पैसे. पॅनेल तेच, ऊन बहुधा आपल्याकडचे जास्त, तरी हप्ता साठ टक्क्यांनी मोठा. आफ्रिकेतल्या अनेक देशांत व्याज याहूनही चढे असते. हवामान वित्ताच्या, म्हणजे श्रीमंत देशांनी गरीब देशांना या बदलासाठी द्यायच्या पैशाच्या, भांडणाचा गाभा हा आहे, आणि तो दानधर्माच्या भाषेत मांडला जातो तेव्हा मला वाईट वाटते.

या भांडणाचा इतिहास फारसा सुखद नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ओईसीडी या त्यांच्याच संघटनेच्या हिशोबाने ते दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यातला सार्वजनिक पैसा मुख्यतः कर्जाच्या रूपात होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. विकसनशील देशांची मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती. अध्यक्षांनी हातोडा आपटून निर्णय जाहीर केल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभे राहून तो नाकारला आणि या दस्तऐवजाला दृष्टिभ्रम म्हटले. निर्णय बदलला नाही, तरी आक्षेप नोंदवला गेला हे मला महत्त्वाचे वाटते. याच सभेत दुसरा पेच उघड झाला: पैसे देणाऱ्यांच्या यादीत चीन आणि आखाती देश असावेत असा युरोप-अमेरिकेचा आग्रह होता, आणि १९९२ च्या यादीत आपण विकसनशील आहोत असे सांगून चीनने औपचारिक बंधन टाळले. जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था असताना हे म्हणणे फार काळ टिकणार नाही, आणि भारतानेही प्रत्येक वेळी चीनच्या पाठीशी उभे राहून आपली न्याय्य बाजू पातळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या बोल्टकडे येते. वचनांनी भागत नाही हे पाहून युरोपने दुसरा मार्ग धरला आहे. आपल्या उद्योगांवर कार्बनचा खर्च लादायचा आणि आयात मालावर सीमेवर तितकाच लावायचा, म्हणजे कारखाने बाहेर पळणार नाहीत आणि बाहेरचे देशही आपापल्या घरी कार्बनला किंमत लावतील. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांना ही यंत्रणा लागू आहे, आणि पोलादाच्या यादीत नट-बोल्ट व स्क्रू नावानिशी आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक दायित्व सुरू झाले आहे. ढोबळ मानाने, युरोपीय मापदंडाहून जितके उत्सर्जन जास्त तितक्यावर पहिल्यापासून भार पडतो, आणि मापदंडाखालच्या भागावर आज असलेली सूट २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपते. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगाची सरासरी दोन टनांच्या थोडी खाली आहे. त्यामुळे आपल्याकडचा माल सुरुवातीपासूनच मागे पडतो.

ही व्यवस्था न्याय्य आहे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण कर हे नसून त्या पैशाचे पुढे काय होते हे आहे. तो युरोपच्या तिजोरीत जातो. ज्या देशाच्या निर्यातीतून तो आला, तिथल्या पोलाद उद्योगाच्या सुधारणेसाठी परत आला असता, तर मॉन्ट्रियलच्या निधीसारखा सौदा झाला असता आणि भारताच्या विरोधाला फारसे कारण उरले नसते. मात्र नियमात एक दार उघडे आहे: मालावर मूळ देशात प्रत्यक्ष चुकवलेली कार्बनची किंमत सीमेवरच्या आकारणीतून वजा होते. चीनने २०२५ मध्ये आपल्या कार्बन बाजारात, म्हणजे उत्सर्जनाच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवस्थेत, पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियम आणले, यामागे हा हिशोब नसेल असे मानणे कठीण आहे. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. पैसा द्यायचाच असेल, तर तो ब्रुसेल्सऐवजी दिल्लीत राहावा, हा साधा व्यवहार आहे.

यापुढे काय होईल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: अमेरिकेतल्या पुढच्या निवडणुका, युरोपातला कार्बनचा भाव, चीनची मंदावलेली बांधकामे, आणि भारतीय पोलाद गिरण्या भट्ट्यांमध्ये किती वेगाने बदल करतात यावर. आपल्यापुरते पाहाल तर काम लगेच करण्यासारखे आहे. आपला ग्राहक पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खते मिळून वर्षाला ५० टनांहून कमी आयात करत असेल तर त्याला यातून सूट आहे. आधी हे विचारून घ्या. सूट नसेल, तर लक्षात ठेवा की बोल्टच्या उत्सर्जनाचा फार मोठा हिस्सा आपल्या कोल्ड हेडिंग (थंड तार ठोकून बोल्टचे डोके घडवणे) किंवा हीट ट्रीटमेंटमध्ये नसतो, तो आपण विकत घेतलेल्या वायर रॉडमध्ये, म्हणजे बोल्टच्या कच्च्या पोलादी तारेत असतो. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेला रॉड आणि खनिजापासून कोळशावर लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीतला रॉड यांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत नेमका हाच रकाना रिकामा सोडलेला किंवा अंदाजाने भरलेला असतो, आणि खरा आकडा नसला की ठरावीक मूल्य लावले जाते, जे मुद्दाम चढे ठेवलेले असते. म्हणून गिरणीकडून मिल टेस्ट सर्टिफिकेटसोबत त्या हीट नंबरच्या (भट्टीतल्या एकाच घाणीच्या) मालाचे पडताळणी केलेले उत्सर्जन मागा. एकट्या लहान ग्राहकाला ती दाद देणार नाही, हे मला ठाऊक आहे. वसाहतीतल्या पाच-दहा कारखानदारांनी मिळून खरेदीच्या पुढच्या ऑर्डरमध्येच ती अट घाला.